हारूनभाईंच्या जळक्या दुकानात

अब्बासिया, कुवेत

ती. चारुताताईंना सरोजिनीचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? आम्ही इकडे ठीक. वरणभात खातो, सोबत धूळही खातो.

गेल्या महिन्यात हवल्लीतलं हारूनभाईंचं पडद्यांच्या कापडाचं दुकान जळालं. (रत्नागिरीचे हारूनभाई, तुमच्या भावाचे इथले सगळ्यांत जुने मित्र.) माणसं वाचली, पण आयुष्याची कमाई गेली. हे भेटायला गेले आणि सांत्वन म्हणून वायरिंगवर व्याख्यान देऊन आले. ह्यांच्या शुऐबाच्या प्लांटमध्ये ब्रेकर कसे बसवतात याची आकृतीसुद्धा भिंतीवर कोळशाने काढून दाखवली. (कोळशाला तिथे तोटा नव्हता.) हारूनभाईंनी ह्यांच्याच गाडीची चावी ह्यांच्या हातात ठेवली, म्हणजे निघा आता. मग त्यांच्या बायकोचा, सुगराभाभींचा फोन, "भाऊ, आता येऊ नका. ते जेवत पण नाहीत."

मी हल्ली ऑनलाइन वर्गात प्राचीन इस्राएली लोकांचं साहित्य शिकते आहे. (हसू नका.) शुक्रवारी वादळामुळे घरात अडकलो होतो, म्हणून ह्यांना त्यातलं एक मोठं काव्य वाचून दाखवलं. एका सज्जन माणसाचं सगळं जातं. मुलं, गुरंढोरं, तब्येत. मित्र येतात, त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस गप्प बसतात. आणि मग तोंड उघडून सल्ले देऊ लागतात! हे दचकून म्हणाले, "अगं, यात मी कसा?"

ताई, पुढचं ऐका. तो माणूस देवाकडे जाब मागतो आणि देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगतच नाही. उलट विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? समुद्राला दारं कुणी लावली? कावळ्याच्या पिलांना कोण भरवतं? आमच्या काचांवर वाळू आपटत होती, भरदुपारी घरात तांबूस अंधार होता, आणि हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी रचलेल्या त्या ओळी आत्ताच कुणी उच्चारल्यासारख्या वाटत होत्या. शेवटी देव त्या सल्लेबाज मित्रांवरच रागावतो.

वादळ ओसरल्यावर हवल्लीला गेलो. हे पांढऱ्या पँटीसकट त्या काजळीत हारूनभाईंशेजारी मांडी घालून बसले. शब्द नाही. खूप वेळाने हारूनभाईच म्हणाले, "रविकांत, तुझी तब्येत बरी हाय ना?" आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी त्या काव्याचं सांगितलं, तर म्हणाले, "भाभी, ही गोष्ट आमच्या धर्मातही हाय. इतके दिवस मला कशी आठवली नाय?" त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर जेवले. सुगराभाभी वाढताना पदराने डोळे पुसत होत्या.

बाळासाहेब भावोजींना नमस्कार.

तुमची,
सरोजिनी

ता. क. : लिहायचं होतं ते राहिलंच. ह्यांना कंपनीने निरोप दिला आहे. मेअखेर आम्ही कायमचे नाशिकला येतोय. बाळासाहेब भावोजी लगेच प्लॉट, एजन्सी, प्राणायाम, सगळं सुचवतील. त्यांना काही दिवस आवरा. ह्यांच्या शेजारी नुसतं बसा.

ता. क. २ : हे मघापासून मागे उभे राहून पत्र वाचताहेत. एरवी ओळीओळीत चुका काढतात, आज माझं एकही वाक्य दुरुस्त केलेलं नाही. ताई, मेची वाट नका बघू, तुम्हीच इकडे या.