पोळ्याचे बैल

सुरत, श्रावण वद्य दशमी

माय, चुडामणकाकाची खुशाली मला परत लिहू नको. रत्याचा दंडवत फक्त तुला.

गेल्या पोळ्याला आबाचं तोंड वाकडं झालं, हात लोंबला, शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती, तरी काका म्हणे, "आज पोळा शे, बैल जुपतस का कोनी?" दुसऱ्या दिवशी जुंपले, तोवर आबा गेला.

आता तुझ्या हातून तांब्या पडला, जीभ जड झाली, मग आपोआप बरं वाटलं म्हणतेस. गिरणीचा डॉक्टर सांगतो, त्या बरं वाटण्यावर भुलू नको. पत्र मिळताच शहाद्याला दाखव. पुन्हा झालं तर सण असो, अमावस्या असो, त्याच घटकेला निघ.

मी पोटभर जेवतो. गाय व्याली का?

काकाच्या बैलांना मिरवू दे. मी आलो की जू त्याच्याच मानेवर ठेवीन. तुला भाड्याच्या गाडीसाठी मनिऑर्डर केली आहे, सात रुपये.