चंद्र दिसेपर्यंत

तावडेबाई, नमस्कार.

तिसरीच्या वर्गात तुम्ही रोजा म्हणजे काय ते सांगितलंत, म्हणून माझे सासरेच माणसं घेऊन शाळेत आले होते. मग मोहन्यातून तुमची बदली झाली.

काल संकष्टीला ढगांमुळे चंद्र दिसेना. सासरे उपाशी, गच्चीत येरझाऱ्या घालत होते. माझी नयन म्हणाली, "आजोबा, माझ्या वर्गातल्या सुफियाचे अब्बूपण ईदच्या आदल्या दिवशी असाच चंद्र शोधतात. बाईंनी सांगितलेलं."

मला धडकीच भरली. सासरे येरझाऱ्या थांबवून खाली उतरले. मग नैवेद्याआधीच चार मोदक काढून सुफियाकडे पाठवायला लावले. म्हणाले, "देवापुढचे त्यांना चालत नाहीत."

बाई, हे तुमचेच उपकार. पण कुठल्या तोंडानं पत्र पाठवू?

आत्ताच सासरे विचारून गेले, "बाईंचा पत्ता आहे का गं?"

तुमच्या नयनची आई,
दर्शना