पालथ्या काहिलीचा ठेका

मी, ललिता बाबासो कुरणे, वय एकेचाळीस, संगीत शिक्षिका, धर्म बौद्ध, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. पोट आजारी आहे, डोके ठणठणीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाबाखाली राहणारी असते तर गिटार हातात घेतलीच नसती. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

एक गोष्ट आधीच नोंदवते. आमच्या घरात आत्मा, भूत, पिशाच्च कोणी मानत नाही, मीही मानत नाही. पुढचे वाचून माझ्या डोक्याबद्दल शंका काढू नये. जे ऐकू येते ते लिहिले आहे.

१. माझे दोन खोल्यांचे राहते घर माझी भावजय सुजाता हिला देते. माझा भाऊ धम्मपाल याला देत नाही. जयंतीला आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तो मंडपाच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "घराचं नाक कापलंस." आता तोच गाडीत आमची कॅसेट लावतो आणि ‘माझ्या बहिणीचा बँड’ म्हणून मित्रांना ऐकवतो. ऐकवू दे. सुजाताने ‘राहा’ म्हटले तर त्याने घरात खुशाल राहावे. बाहेरच्या खोलीतला गिटारचा खिळा मात्र कोणी काढू नये.

२. बँकेतली ठेव विहारातल्या मुलींना वाद्ये घेण्यासाठी द्यावी. हार्मोनियम घेऊ नये, ती आहे. ड्रम घ्यावेत.

३. गिटार तानाबाईला. आमच्या बँडमध्ये ती कॅसिओ वाजवायची. गिटार तिला येत नाही, पण तिच्या घरी ती धूळ खाणार नाही याची खात्री आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळी वाटणी तानाबाईनेच करावी. ती भांडकुदळ आहे आणि या कामाला तेच लागते.

४. आता मूळ टेप आणि काहील. हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, एवढी हकीकत मृत्युपत्रात लागत नाही. मला लागते.

आमच्या बँडचे नाव कडकडाट. मी, तानाबाई आणि ठेक्याला स्वप्नाली. गणपती मंडळवाले पोस्टरवर ‘लेडीज ऑर्केस्ट्रा’ छापायचे, आम्ही स्वतःला रॉक बँड म्हणायचो. या भागात बायकांचा असा बँड आमच्याआधी झाला नव्हता, असे आता पेपरात येते. तेव्हा पेपरात काही येत नव्हते. तेव्हा शिट्ट्या यायच्या, आणि एकदा चप्पल आली होती.

तालमीला कोणी जागा देईना. गडमुडशिंगीला स्वप्नालीचे चुलते आकारामतात्या धनवडे यांचे गुऱ्हाळ आहे. हंगाम संपला की ते रिकामे पडायचे, आणि आमचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू व्हायचा. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील तेल लावून, पालथी घालून ठेवलेली असायची. आमच्याकडे ड्रमचा जुना सेट होता, त्याला झांज नव्हती. स्वप्नालीने काहिलीकडे बघितले आणि म्हणाली, "हीच वाजवतो की मी." आम्ही हसलो. मग तिने दांडक्याला गोणपाट गुंडाळले आणि काठावर मारले. आमचे हसणे तिथेच थांबले. आवाज छपराच्या पत्र्यात चढला, खाली आला, पायाखालून गेला आणि बराच वेळ संपला नाही. त्या दिवसापासून आमचे गाणे वेगळे झाले.

काहील स्टुडिओच्या दारातून आत जाणार नव्हती, म्हणून रेकॉर्डिंगवालाच मशीन घेऊन गुऱ्हाळात आला. १९९३ साली आमची एकुलती एक कॅसेट निघाली. तेव्हा स्वप्नालीची सोयरीक हातकणंगल्याला ठरत होती. ढोल बडवणारी मुलगी म्हणून मोडायला नको, म्हणून कव्हरवर ठेक्यापुढे तिच्याऐवजी आकारामतात्यांचे नाव छापायचे असे तिच्या घरात ठरले. गुऱ्हाळ त्यांचे, काहील त्यांची, तर नावही त्यांचेच असू दे. स्वप्नाली म्हणाली, "तात्या, नीट वाजवा हं." तात्या लाजून बाहेर गेले.

लग्नानंतर तिने दांडके हातात घेतले नाही. १९९६ साली ती बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, ती अक्षता.

तात्यांनी त्या काहिलीत पुन्हा रस ओतला नाही. नवी आणली, जुनी कोपऱ्यात पालथी घातली. ऊस गाळायचा चरक सुरू झाला की ती गुणगुणते. तात्या म्हणतात, "जमीन हादरती म्हणून." चरक बंद झाल्यावरही ती गुणगुणते. तेव्हा जमीन कशाने हादरते, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनीही मला सांगितले नाही. आम्ही दोघे चहा पीत तिच्याकडे पाठ करून बसतो.

मला ती इथे, कोल्हापुरातही ऐकू येते. वर्गात एखादे पोर बाक बडवते आणि मधेच थांबते, तेव्हा पुढचा ठोका तिचा पडतो. दवाखान्यात सलाईन लावले होते, तर थेंब तिच्या लयीत पडत होते. मी नर्सला वेग बदलायला लावला. वेग बदलला, लय तीच राहिली. भीती वाटते का, असे तानाबाईने विचारले. वाटते. ती थांबेल याची जास्त वाटते.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका समीक्षकाने आमच्यावर मोठा लेख लिहिला. काळाच्या पुढचा बँड, विस्मरणात गेलेल्या वाघिणी, बरेच काही. शेवटी लिहिले की या गाण्यांचा कणा म्हणजे तो गूढ, दणकट ठेका, आणि तो एका पुरुषाचा, आकाराम धनवडे यांचा आहे. अशी ताकद बाईच्या मनगटात सहसा आढळत नाही, असेही. तात्यांना पायलीभर शेंगा फोडायला सांगितल्या तरी अंगठा दुखतो. मी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, कव्हरवर छापलंय." मेलेल्या बाईपेक्षा छापलेला कागद खरा.

आता एक कंपनी सीडी काढते आहे. मूळ टेप माझ्याकडे आहे. प्रत्येक गाण्याआधी स्वप्नालीचा आवाज आहे, "एक, दोन, चला की गं!" कंपनीला तो कापून टाकायचा आहे, म्हणे पुरुषाच्या ठेक्याआधी बाईचा आवाज कशाला. ठेक्याचे नाव बदलायचे तर आकाराम धनवडे यांनी स्वतः तसे लिहून द्यावे, असे ते म्हणतात.

तात्या लिहून देत नव्हते. कारण मला माहीत आहे. अक्षताची आजी अंबूबाई यांनी निरोप धाडला होता, "आमच्या सुनंनं ढोल बडवला म्हणून कुटं छापून आलं तर पोरगी मुडशिंगीला धाडायची न्हाय." सुट्टीत चार दिवस येणारी ती पोर, तात्यांना तेवढीच स्वप्नालीची खूण उरली आहे. मी त्यांना दोष देत नाही.

या दिवाळीत अक्षता आली असताना मी टेप घेऊन गुऱ्हाळावर गेले. तेरा वर्षांची आहे, आईचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. टेप लावली.

"ही कोण?"

"तुझी आई."

"परत लावा."

परत लावली. किती वेळा लावली ते मोजले नाही. मग तिने कव्हर हातात घेतले, वाचले आणि तात्यांना विचारले, "मग हितं तुमचं नाव कसं, आजोबा? वाजवलं कुणी?"

तात्या उठून उसाच्या फडाकडे गेले. अक्षता माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी काहील अजिबात गुणगुणली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि मी घाबरले.

म्हणून लिहून ठेवते: तात्यांनी मला तोंडी देऊन टाकलेली जुनी काहील आणि माझ्याकडची मूळ टेप या दोन्ही अक्षताला देते. ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्या तानाबाईने सांभाळाव्यात. तोवर टेप कोणालाही वापरायला द्यायची असेल तर ठेक्यापुढे स्वप्नालीचे नाव आणि तिचे "चला की गं" जागेवर ठेवूनच द्यावी. तसे होत नसेल तर देऊ नये. आमच्या नावाचा गौरव झाला नाही तरी चालेल.

५. अंबूबाईंना माझा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटची एक प्रत देते. राग म्हणून नाही. त्यांनी सून एकदा ऐकावी.

६. आकारामतात्यांना माझे लोकरीचे पांघरूण ठेवले होते. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. तात्यांना विचारले, पांघरूण घेता की सही करता? दोन दिवस ते फिरकले नाहीत. काल येऊन म्हणाले, "पांघरूण ऱ्हाऊ दे. मला सही करू दे." पांघरूण सुजाताने ठेवावे.

७. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील म्हणावे, बाकी विधी नको. त्यानंतर तानाबाईने हे मृत्युपत्र गुऱ्हाळात, अक्षतासमोर, शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावे. मग अक्षताची इच्छा असेल तर तिने काहिलीवर एकदा दांडके मारावे. आवाज आपोआप थांबेपर्यंत कोणी बोलू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

कोल्हापूर, दि. २२ नोव्हेंबर २००९
सही: ललिता बाबासो कुरणे

साक्षीदार:

१) गणपतराव, शेजारी. ललिताबाईंनी माझ्यासमोर सही केली. सही: गणपतराव

२) मी आकाराम केरबा धनवडे, राहणार गडमुडशिंगी. ललितानं माझ्यासमोर सही केली, मी बघितली. वकील म्हणत्यात, एवढंच लिवायचं असतंय. पण मला पुढं लिवायचं हाय. कॅसेटवर माझं नाव छापलंय ते खोटं हाय. मी उभ्या जन्मात कशावर काठी मारलेली न्हाय. वाजवलं ते समदं माझी पुतणी स्वप्नालीनं. मी दारात बसून ऐकलंय, अजून ऐकू येतंय. अक्षता, तू इचारलं तवा मी फडात पळालो. ती तुझी आई वाजवतीया, बाळ.
सही: आकाराम केरबा धनवडे