शनिवारच्या बाजारातली भेंडी

आई,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर कामावर जाते. काळजी करू नका.

हे गेल्यापासून तीन महिने मी पाकिटातलंच गरम करून खात होते. भाजी आणायचं काम ह्यांचं, त्यामुळे बाजार कुठे भरतो तेही मला धड ठाऊक नव्हतं. काल ह्यांची पिशवी घेतली आणि विचारत विचारत गेले. बसच्या शेवटच्या थांब्यामागे जवळपासचे शेतकरी बसतात. सकाळीच तोडलेला माल, मुळ्यांना माती तशीच.

मी भेंडीचं टोक मोडून बघितलं, तशी भाजीवाली म्हणाली, "ही पिशवी त्या साहेबांची ना? तेही असंच टोक मोडायचे. मी ओरडले की म्हणायचे, आईनं शिकवलंय. बरेच दिवस दिसले नाहीत. गावी गेलेत का?"

मी "हो" म्हटलं. रडूही आलं नाही.

तिने दोन मुठी जास्त टाकल्या. "हंगाम संपत आलाय. आणखी दोनच शनिवार मिळेल, सांगा त्यांना."

घरी येऊन भाजी केली. चव काही कळली नाही, पण ताट संपवलं.

तुम्ही दोन्ही वेळ जेवता ना? गुडघा कसा आहे? बाबा हल्ली थोडं बोलतात का?

येत्या शनिवारी तिला खरं काय ते सांगणार आहे. आई, मी अजून कोणालाच माझ्या तोंडाने सांगितलेलं नाही. त्या दिवशी तुम्हालाही फोन शेजाऱ्यांनीच केला होता.

तुमची,
सूनबाई