कपाटात कुलूपबंद झालेलं नाव

तीर्थरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘ठीक’ हे उत्तर चालणार नाही. वहिनी गेल्यापासून तुझी तीन कार्डं आली आणि तिन्हींत मिळून चार शब्द. तू तारमास्तर होतास हे मान्य, पण निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता शब्द वाचवून कोणाला द्यायचेत? मी मात्र अजून रोज टपालाची पेटी उघडून बघते.)

माझी तब्येत उत्तम, पण वाचनालयाला नवं वेड लागलंय. आमच्याकडे संगणक आलाय. त्याला टेलिफोनची वायर जोडली की तो शिट्टी मारतो, आणि इथलं पत्र चहा निवायच्या आत परगावी पोचतं. मात्र त्याला पत्ता हवा, पत्त्याला नाव हवं आणि नावाची नोंदणी हवी. शेजारच्या कॉलेजातल्या मशीनवाल्यांनी (सज्जन गृहस्थ, पण बोलताना माझ्याऐवजी वायरकडे बघतात) तीन वाटा सांगितल्या. एक, नाव घ्यायचंच नाही. मग पत्र या मशीनवरून त्या मशीनवर अशी पाच दारं ठोठावत येणार, आणि पाठवणाऱ्याने ती पाचही दारं पत्त्यात ओळीने लिहायची. दोन, कॉलेजच्या नावाखाली आपलं नाव लावायचं, म्हणजे पोटभाडेकरू. (त्यांचं मशीन आजारी पडलं की आपणही उपाशी.) तीन, स्वतःचं स्वतंत्र नाव. “बाई, जो आधी मागेल त्याचं नाव. उद्यावर टाकू नका.” मी म्हटलं, “छे हो, मी कसली टाकतेय!”

आणि दादा, टाकलं नाहीच. त्याच दुपारी अर्ज भरला, शाळेत सिस्टरांनी छडी दाखवून गिरवून घेतलेल्या त्याच अक्षरात. मग एकतीस वर्षांच्या सवयीने (हात आपोआप चालतो रे) त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला, ‘संदर्भासाठी, बाहेर नेण्यास मनाई’ अशी चिठ्ठी डकवली आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन आठवडे मी रोज मशीनवाल्यांना विचारत होते, “उत्तर आलं का हो?” आणि ते बिचारे रोज समजूत काढत होते, “ते लोक जरा सावकाशच असतात.” शेवटी धूळ झटकताना शिपाईमावशींना अर्ज दिसला. मी घाईने हात घातला तर म्हणाल्या, “बाई, चिठ्ठी वाचा. अध्यक्षांच्या सहीशिवाय हा कागद हलायचा नाही!”

सही आणली, अर्ज गेला. तोवर आमचं सुटसुटीत नाव एका चष्म्याच्या दुकानाने पटकावलं होतं. आता मागे गल्लीचं नाव जोडून काल दुसरा अर्ज धाडलाय. (शिक्का पदराखाली धरून मावशी समोर उभ्या होत्या.)

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. अर्जात दोन जबाबदार माणसांची नावं लागतात. पहिलं माझं, दुसरं तुझं घातलंय. तुला विचारणा येईल, तिला ‘होय’ म्हण. (एकच शब्द आहे, जमेल.)

आणखी ता. क. त्यानंतर दरवर्षी दोघांनी एकमेकांना लिहून, खात्री करून कळवायचं, की आम्ही दोघंही आहोत. एकाचं जरी आलं नाही, तरी नाव काढून टाकतात.

शेवटचं ता. क. मशीनवाले त्या दुसऱ्या जागी स्वतःचं नाव द्यायला तयार होते. मी सांगितलं, ती जागा रिकामी नाही.