विनीताईच्या पैजेचा भोपळा

ती. विनीताईस,

गॅल्व्हेस्टन बेटावरून तुझ्या धाकट्या भावाचा, आल्डनचा (वय वर्षं सत्तर, पण तुझ्या लेखी अजून शेंबडाच) वाकून नमस्कार. कंबर धरते, त्यामुळे पुरता वाकलेलो नाही; जेवढा वाकलोय तेवढा गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? काठी घेऊन चालतेस, की काठी दाराआड ठेवून मला फोनवर "घेते हो, घेते" म्हणतेस? तिकडे व्हरमाँटला पहिला बर्फ पडल्याचं बातम्यांत ऐकलं. (मी रोज तुमच्याकडचं हवामान ऐकतो. आमच्याकडच्यात ऐकण्यासारखं काय असतं? उकडतंय, उकडणार आहे, नाहीतर वादळ येतंय.) सरपणाची लाकडं घरात आणलीस ना? की यंदाही अंगणातच? गेल्या हिवाळ्यात त्याच लाकडांपाशी तू घसरलीस आणि टपालवाला येईपर्यंत बर्फात पडून राहिलीस. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावतो. परवा कुणाचा तरी चुकून फोन लागला, तर मी त्या बिचाऱ्यालाच विचारलं, "ताई बरी आहे ना?" तो म्हणाला, "कुणाची?" आणि घाबरून फोन ठेवला.

असो. हे पत्र पैजेचा निकाल कळवायला. तू विसरले म्हणशील, म्हणून तुझेच शब्द देतो. सप्टेंबरात मी म्हटलं, ताई, आता एकटी राहू नकोस, कायमची इकडे ये. त्यावर तू म्हणालीस, "ज्या गावात कोरलेला भोपळा हॅलोविनपर्यंत टिकत नाही, त्या गावाला शरद ऋतू नाही. आणि शरद नाही तिथे मी हाडं ठेवायला यायची नाही. एकच भोपळा घे, आपण लहानपणी कोरायचो तसा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोर आणि हॅलोविनच्या रात्री, एकतीस तारखेला, चेहऱ्यासकट दाखव. मग भरते बॅग." मी लगेच हो म्हटलं. घाईघाईत हो म्हणायची माझी खोड तुला ठाऊक आहेच.

शरद इथे नसतो हे मला मुळीच मान्य नाही. पानं गळतात. याच महिन्यात ताडाचं एक पान गळलं. गाडीची काच फुटली. लोक लोकरीचे स्वेटर घालतात (दुकानात, एसी असतो तिथे). गवताच्या गंज्यांवर बसून फेरफटकाही असतो, तो मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाळूवर. यंदा भरती आली तेव्हा ट्रॅक्टर रुतला आणि आम्ही सगळे सफरचंदाचा गरम रस हातात धरून गुडघाभर समुद्रातून घरी आलो. मजा आली. अगदी व्हरमाँटची आठवण झाली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं.

तर भोपळा. चर्चच्या हिरवळीवर दरवर्षीप्रमाणे भोपळ्यांचा ट्रक रिकामा झाला, त्या ढिगातून मी टणक, गोल, देठ ताठ असलेला निवडला. आमचं घर खांबांवर, जिना केवढा ते तुला माहीत आहे. पण मी जिन्याला एक सरकती खुर्ची बसवून घेतली आहे (किराणा वर न्यायला, दुसरं काही नाही), तिच्यात बसून भोपळा ऐटीत वर आला. मी अर्ध्या चड्डीत, घामाच्या धारा पुसत, त्याला डोळे, नाक आणि नऊ दात कोरले. कोरताना तुझ्या भावजयीची, जोसीची, फार आठवण आली. ती असती तर तिने सुरीच हिसकावून घेतली असती. इथली माणसं भोपळ्याला एकतर नुसतं रंगवतात, नाहीतर आदल्या संध्याकाळी कोरतात. जोसी तीस तारखेच्या आधी सुरीला हात लावू द्यायची नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, ताई. पण तुझ्या अटीपुढे माझं शहाणपण चालत नाही, लहानपणीही चालायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आतून पांढरी लव आली. मी टबात ब्लीचचं पाणी करून त्याला आंघोळ घातली (त्यात माझी चर्चला जायची निळी विजार ठिपक्याठिपक्यांची झाली), मग कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपडलं आणि ओसरीवर पंख्याखाली ठेवलं. तेवढ्यात शेजारची ओफेलिया गार्सा वर आली. तिचा स्वभाव फटकळ, पण जोसी गेल्यापासून माझ्या घरात दोन वेळचं शिजलेलं अन्न दिसतं ते तिच्यामुळे. कमरेवर हात ठेवून तिने भोपळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आल्डनभाऊ, भोपळा गूळ घालून शिजवायचा असतो. व्हॅसलीन कसलं लावताय? बाळंत झालाय का तो?"

मी पैजेचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "बहिणीला 'ये' म्हणायचं, तर मध्ये भोपळा कशाला हवा तुम्हा दोघांना?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

मग मी त्याला फ्रिजमध्ये हलवलं. अंडी आणि दूध बाहेर, भोपळा आत. (अंड्यांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, तू जेवत असशील.) दिवे बंद, दार बंद, तरी तो आत चांगला आहे ना या काळजीने मी सारखा दार उघडून बघायचो, आणि दर वेळी गरम हवा आत जायची. म्हणजे जे काही झालं त्यात माझ्या काळजीचाही हात आहे.

पुढे आखातात वादळ उठलं आणि बेट रिकामं करायचा हुकूम आला. गल्लीत सगळे खिडक्यांना फळ्या ठोकायला लागले. ओफेलियाने संतांच्या मूर्ती आणि फोटो गाडीत भरले. मी औषधं, घराचे कागद, जोसीचा फोटो आणि भोपळा घेतला. त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि ऊन लागू नये म्हणून माझी गवती टोपी घातली. पुलावर गाड्यांची ही रांग! एक पोलीस खिडकीशी आला, आत डोकावला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आजोबांना पाणी पाजा थोडं. चेहरा बघा कसा उतरलाय." मी बघितलं, तर खरंच उतरला होता. खालचा जबडा पट्ट्यावर टेकला होता. वादळ दुसरीकडे वळलं, आम्ही परत आलो; पण त्याचे सहा दात वाटेतच गेले.

तर हॅलोविनच्या संध्याकाळी माझा भोपळा असा: कपाळ पुढे आलेलं, गाल बसलेले, एक डोळा मिटलेला, तीन दात, आणि हनुवटीवर करडी दाढी. मला रडू यायचंच बाकी होतं. पैज गेली, म्हणजे तुझं येणं गेलं, आणि हिवाळा तर येऊन ठेपलेला. तरी आत दिवा लावला आणि शेजारी बसलो. आमच्याकडे हॅलोविनच्या गोळ्या मागायला मुलं फारशी येत नाहीत. एवढा जिना कोण चढेल? जोसी वरून खेकड्यांच्या टोपलीतून दोरीने गोळ्या सोडायची, मी खाली मुलांना उभं करायचो. ती गेल्यापासून दोन्ही टोकांना मी एकटा पुरत नाही. गोळ्या मीच खातो आणि डॉक्टरांशी खोटं बोलतो.

आणि ताई, यंदा मुलं आली! एक भुताच्या वेशातली मुलगी खालून ओरडली, "अगं बाई, ते काय आहे?" आणि धावत वर आली, किंचाळली, खाली जाऊन आणखी चौघांना घेऊन आली. मग रांगच लागली. "आजोबा, हा खरा आहे? हात लावू? मेलाय का?" गल्लीच्या कमिटीने माझ्या ओसरीला 'सर्वांत भयानक' म्हणून जांभळी फीत दिली. मी स्पर्धेत नावसुद्धा दिलं नव्हतं.

आता निकाल तू दे. चेहऱ्यासकट, असं तू म्हणाली होतीस. चेहरा होता. दात पडले, गाल बसले, तोंड वाकडं झालं, म्हणून चेहरा नाही म्हणत असशील, तर ताई, तू आणि मी आज सकाळी आरशात काय बघितलं? आत दिवा होता, आणि तो शेवटपर्यंत जळत होता.

तुझा काळजीत असलेला भाऊ,
आल्डन

ता.क. महिन्याच्या मध्यावर पाठवलेला फोटो त्याच भोपळ्याचा, पण मागच्या बाजूचा. त्यावर डोळे मी पेनाने काढले होते. तुला शंका आलीच असेल.

ता.क. २. जिन्याच्या खुर्चीला पट्टा, हात टेकायला दांड्या आणि गुडघा ताठ ठेवायला फळी आहे. किराण्याला गुडघा नसतो, हे ओफेलियाने मला दोनदा सुनावलं. उंची तुझ्या मापाने लावून घेतली, आपल्या शेवटच्या फोटोवरून. भोपळ्याला ती थोडी मोठीच झाली.

ता.क. ३. वर लिहिलेलं सगळं खोडून टाक. पैज मी हरलो, भोपळा इथे आठवडाभरही टिकत नाही, शरदही नाही. तरी ये. दोरीचं वरचं टोक धरायला माणूस नाही. पुढच्या वर्षी भोपळा तूच कोर, तीस तारखेला.