चॅनल एक, नाव बॉस

३ जानेवारी
नवा रेडिओ आला. पाचशे मेमरी चॅनल. फ्रीक्वेन्सी एकदा साठवली की बटण दाबायचं, हजर. आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम क्लबातले लोक अजून डायल फिरवत बसतात, विहिरीतून पाणी शेंदल्यासारखे. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. ते फ्रीक्वेन्सी औषधाच्या खोक्यांवर लिहून ठेवतात. दुसऱ्यांच्या दाढा उपटून पोट भरणाऱ्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची.
संकल्प: रविवारपर्यंत पाचशेच्या पाचशे भरणार.

८ जानेवारी, रविवार
नऊ भरले. घाई कशाला. शिवाय पहिल्या चॅनलला नाव काय द्यावं यात अख्खी दुपार गेली. शेवटी 'बॉस' दिलं. या चॅनलवर टेकडीवरचा रिपीटर येतो. हिनं विचारलं, रिपीटर आपलं ऐकतो एका फ्रीक्वेन्सीवर आणि सगळ्यांना ऐकवतो दुसरीवर, मग दोन्ही साठवल्यात ना? म्हटलं, अगं, एवढं कळतं मला. साठवल्याही होत्या. हॅमची परीक्षा आम्ही एकदमच दिली होती. तिला मार्क जास्त पडले, कारण तिला प्रश्न सोपे आले. मॅन्युअल तिच्या हातातून काढून घेतलं.

१५ जानेवारी
क्लबची मीटिंग. महिनाअखेर घाटात सायकल शर्यत आहे. वळणांवर मोबाईलला रेंज नसते, म्हणून आयोजकांना आमची आठवण झाली. कंट्रोलवर कोण बसणार, असा प्रश्न निघाला. मी उभा राहिलो आणि मेमरी चॅनल या विषयावर थोडक्यात बोललो. दोघांना डुलकी लागली. विषय झेपला नसावा. शेवटी डॉक्टर म्हणाले, बरं, तुम्हीच बसा, पण आदल्या दिवशी टेस्ट करा. मीटिंग संपावी म्हणून ते हो म्हणाले, असं खोकला बाहेर सांगत होता. खोकला म्हणजे क्लबातला रिटायर्ड ड्राफ्ट्समन. तोंड उघडण्याआधी दोनदा खोकतो. जळतो माझ्यावर.

२७ जानेवारी
रेडिओची बटणं लॉक करायला गेलो. बोट जरा जास्त वेळ दाबलं गेलं. रेडिओ नव्यासारखा झाला. म्हणजे आतून कोरा. हिला सांगितलं, मुद्दाम साफ केलाय. ती नुसतं हूं म्हणाली. तिचं हूं मला कधीच आवडलेलं नाही.

२८ जानेवारी
'बॉस' पुन्हा भरला. या वेळी चुटकीसरशी. मागच्या खेपेला उगाच जास्त बटणं दाबली होती. ऐकू खणखणीत येतंय. डॉक्टर आणि खोकला गुडघेदुखीवर बोलत होते. म्हटलं, असल्या गप्पांत तोंड घालून टेस्ट कसली करायची? टेस्ट कच्च्या माणसांनी करावी.

२९ जानेवारी, सकाळ
कंट्रोल रूम म्हणजे आमच्या घरामागच्या शाळेतला एक वर्ग. बाक माझ्या मापाचा नाही. हिला सांगून आलोय, घरीच बस, तुझ्या त्या छोट्या हँडसेटवर ऐक, चार गोष्टी शिकशील.
सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं, विनाकारण बोलायचं नाही. कोणी हूं की चूं केलं नाही. शिस्त अशी लावावी लागते.
डॉक्टर सारखे 'कंट्रोल, कंट्रोल' करतायत. दर वेळी उत्तर देतोय, तरी पालथ्या घड्यावर पाणी. ड्रिलच्या आवाजानं कान गेले असणार.
हिचा फोन आला. कट केला. पुन्हा आला. फोनच बंद केला. नवरा कंट्रोलवर असताना हिला फोन सुचतात.

२९ जानेवारी, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
दहाच्या सुमारास खोकल्याचा आवाज आला. एक मुलगी सायकलसकट नाल्यात पडलीय, पाय भलतीकडे वळलाय, ॲम्ब्युलन्स पाठवा. मी म्हटलं, पाठवतो, कुठलं वळण? त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी ओरडलो. तो पुन्हा तेच. या वेळी खोकायलाही विसरला. मी माइकचं बटण आणखी जोरात दाबलं.
तेवढ्यात रेडिओवर हिचा आवाज. म्हणाली, कंट्रोलचं तुम्हाला कोणालाच ऐकू जात नाहीये, मी घेते. मग खोकल्याला एकेक विचारत गेली. शुद्धीवर आहे का? रक्त किती? पाय हलवू नका. कुठलं वळण? ॲम्ब्युलन्स खालच्या रस्त्यानं पाठवली, मागच्या सायकली वर थोपवून धरल्या. पोरीचा पाय मोडलाय, बाकी ठीक आहे. हिच्या प्रत्येक वाक्याला मी 'बरोबर' म्हणत होतो. कोणाला ऐकू गेलं नाही.
नंतर डॉक्टर म्हणाले, वहिनी, आता शेवटपर्यंत तुम्हीच सांभाळा. मी तिथल्या तिथे माइकवरून क्लबचा राजीनामा दिला. सविस्तर, कारणांसकट. डॉक्टरांनी बसवलेल्या कवळ्यांबद्दलही बोललो.
घरी आल्यावर हिनं रेडिओ तपासला. बोलायची फ्रीक्वेन्सी साठवलीच नव्हती म्हणे. म्हटलं, कंपनीनं हे आपोआप करायला हवं. तिनं बटण दाबलं आणि पोळ्या करायला गेली.

५ फेब्रुवारी
हिच्यासोबत मीटिंगला गेलो. राजीनामा मागे घ्या म्हणून गळ घालतील, मग थोडं ताणून धरायचं आणि उपकार केल्यासारखं हो म्हणायचं, असं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, या, बसा. खोकल्यानं खुर्ची पुढे सरकवली. मग पुढच्या शर्यतीचं बोलणं सुरू झालं. राजीनाम्याचा कोणी विषयच काढेना. शेवटी मीच विचारलं, माझ्या राजीनाम्याचं काय ठरलं?
डॉक्टरांनी विचारलं, कुठला राजीनामा?
ही चष्मा पुसायला लागली. घर शाळेला लागून, त्यामुळे तिला एकटीला माझं रिपीटरशिवाय, हँडसेटवर थेट ऐकू येत होतं. सगळं. कवळ्यांसकट. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.
पुढच्या वेळी कंट्रोलवर ही. मला शेवटच्या वळणावर पाणी वाटायचंय. रेडिओ आणायची गरज नाही म्हणाले.
हो म्हटलं.